आभाळाचा खर्च आणि आयर्विन पुलाची पट्टी

चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले त्या २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सांगलीत चौकाचौकांत फटाके वाजले, आणि त्याच आठवड्यात जत-आटपाडीकडच्या मंडळींकडून "चंद्रावर पाणी शोधण्याआधी आमच्याकडे टँकर कधी पोहोचणार ते सांगा" असा टोमणाही ऐकू आला. तो नुसता नाक मुरडण्यासाठी मारलेला नव्हता. त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग तर पाऊस बरा झालेल्या वर्षीही म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेला असतो. त्यामुळे सरकारने अवकाश संशोधनावर अधिक पैसा खर्च करावा का, हा प्रश्न आमच्या भागात केवळ वक्तृत्व स्पर्धेपुरता राहत नाही. माझे स्वतःचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र वाढीव पैसा कशावर आणि कोणत्या क्रमाने खर्च व्हावा, याबद्दलचे माझे म्हणणे दिल्लीत होणाऱ्या घोषणांशी फारसे जुळत नाही.

आधी रकमेचा अंदाज घेऊ. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अवकाश विभागासाठी १३,४१६ कोटी रुपयांची तरतूद होती आणि एकूण अर्थसंकल्प सुमारे ५० लाख ६५ हजार कोटींचा होता. म्हणजे केंद्राच्या शंभर रुपयांतले साधारण सव्वीस पैसे अवकाशाकडे जातात. दरडोई हिशेब केला तर वर्षाला शंभर रुपयांच्या आतच भार येतो, सांगलीच्या भडंगाच्या एखाद्या मोठ्या पाकिटाएवढा. त्याच वर्षी खतांच्या अनुदानासाठी केंद्राने सुमारे १ लाख ६८ हजार कोटी रुपये ठेवले होते, तर एकट्या महाराष्ट्र सरकारने लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद केली होती. हे आकडे त्या योजनांना नावे ठेवण्यासाठी दिलेले नाहीत. खताच्या गोणीचा भाव वाढला की काय होते, हे ऊस आणि द्राक्षाच्या पट्ट्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मुद्दा एवढाच आहे की, इस्रोला उद्या कुलूप लावले तरी त्या पैशातून जतचा पाणीप्रश्न सुटणार नाही. तो प्रश्न जितका पैशाचा आहे तितकाच भूसंपादनाचा, उपसा योजनांच्या थकलेल्या वीजबिलांचा, रखडलेल्या पोटकालव्यांचा आणि निवडणुकीच्या तोंडावरच आठवणाऱ्या आश्वासनांचा आहे.

तरीही "रक्कम तशी लहानच आहे" हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो, आणि इस्रोचे चाहते तो जरा जास्तच घाईने पुढे करतात. लहान रक्कमही वाया जाऊ शकते. एखाद्या खर्चाचे समर्थन तो किती कमी आहे यावरून होत नसते; त्यातून जे हाती येते ते दुसऱ्या कोणत्या मार्गाने आले असते का, हे पाहावे लागते. या कसोटीवर भारताचा जुना अवकाश कार्यक्रम चांगलाच उतरतो, कारण त्याची सुरुवातच गरजेपासून झाली होती. नोव्हेंबर १९६३ मध्ये थुंब्याहून पहिले अग्निबाण सोडले गेले तेव्हा विक्रम साराभाईंच्या डोळ्यांसमोर चंद्र नव्हता. दूरसंचार, हवामान आणि शिक्षण होते. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी वापरायला घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम पोहोचवले गेले. त्या सहा राज्यांत शेजारचा कर्नाटक होता, महाराष्ट्र मात्र नव्हता. स्वतःचा उपग्रह आकाशात स्थिरावण्याआधीच तो वापरणार कोण आणि कशासाठी, याची तालीम करून घेणारा देश विरळाच म्हटला पाहिजे.

वादळांच्या बाबतीत या गुंतवणुकीचे फळ डोळ्यांना दिसते. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. चौदा वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, तीव्रतेत फार मागे नसलेले फायलिन हे वादळ त्याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवले गेले होते आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. याचे श्रेय एकट्या उपग्रहांना देणे चूक ठरेल. मधल्या काळात ओडिशाने निवारे बांधले, गावागावांत स्वयंसेवक तयार केले आणि इशारा कोणी, कोणाला, किती वाजता द्यायचा याची साखळी बसवली. उपग्रहाने वादळ दाखवले आणि जमिनीवरच्या यंत्रणेने माणसे वाचवली. या दोहोंतला एक भाग नसता तर दुसऱ्याचा उपयोग निम्माही झाला नसता. माझे पुढचे सगळे म्हणणे याच जोडीभोवती आहे, कारण आमच्याकडे ती जोडी अजून जमलेली नाही.

सांगलीत पावसाळ्यात माणसे एकमेकांना तब्येतीआधी "आयर्विनला किती?" असे विचारतात. १९२९ मध्ये बांधून झालेल्या आयर्विन पुलापाशी फुटांच्या खुणा असलेली पट्टी आहे. चाळीस फुटांवर इशारा पातळी आणि पंचेचाळीस फुटांवर धोका पातळी. लहान मुलालाही हे दोन आकडे पाठ असतात. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता या भागांतली कुटुंबे इशारा पातळीची वाट न पाहता सामान माळ्यावर चढवू लागतात, आणि पेठेतले व्यापारी दर तासाला फोन करून फूट-इंच विचारत राहतात. ऑगस्ट २०१९ मध्ये हे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. २००५ चा पूर पाहिलेल्या लोकांनी त्या वेळच्या खुणेपर्यंत सामान हलवले होते आणि तेवढ्यावर निर्धास्त राहिले होते. पाणी ती खूण ओलांडून वर चढले. ब्रह्मनाळला बोट उलटून झालेली दुर्घटना त्याच पुरातली.

त्या दिवसांत अवकाश कार्यक्रमाने सांगलीसाठी काय केले, हा प्रश्न मी अनेकदा स्वतःला विचारला आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना खर्चाविषयीचे माझे मत तयार होत गेले. पुराच्या वेळी आकाश ढगांनी गच्च भरलेले असते, त्यामुळे साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह आंधळा होतो. ढगांतून आरपार पाहण्यासाठी रडार बसवलेला उपग्रह लागतो. भारताने असा रिसॅट-१ हा उपग्रह एप्रिल २०१२ मध्ये सोडला होता. तो २०१७ पर्यंत निकामी झाला होता. त्याची जागा घेणारा उपग्रह फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला. आमचे २०१९ आणि २०२१ हे दोन्ही पूर नेमके या पोकळीत आले. विस्तृत प्रदेश टिपणारा त्या जातीचा स्वदेशी उपग्रह त्या काळात हाताशी नसल्यामुळे, कृष्णा-पंचगंगेचे पाणी कुठवर पसरले होते याचा अभ्यास करणाऱ्यांना युरोपच्या सेंटिनेल-१ या उपग्रहाच्या मोफत चित्रांवर बरेच अवलंबून राहावे लागले. युरोपातल्या करदात्याच्या पैशातून सांगलीच्या पुराचे नकाशे तयार झाले, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पुढे १८ मे २०२५ रोजी, पावसाळा तोंडावर असताना, पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन ईओएस-०९ हा आणखी एक रडार उपग्रह गमावला गेला.

अपयश येणारच, अग्निबाण हा काही बैलगाडीचा व्यवहार नव्हे. पण ज्या उपग्रहावर पूर, पीक आणि वादळ यांचा कारभार अवलंबून आहे त्याचा जुळा भाऊ जमिनीवर तयार असायला हवा, म्हणजे एक निकामी झाला किंवा समुद्रात पडला तर पाच वर्षांची पोकळी राहणार नाही. सरकारने अवकाशावर अधिक पैसा खर्च करावा असे मी म्हणतो तेव्हा माझ्या मनात पहिली मागणी ही असते: निरीक्षणाचे प्रत्येक महत्त्वाचे यंत्र जोडीने बांधा. अशा जुळ्या उपग्रहाला बातमीमूल्य नसते. त्याच्या उड्डाणाला शाळांत पडदे लावले जात नाहीत आणि तो वेळेवर गेला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच अशा खर्चाच्या बाजूने कोणीतरी मुद्दाम बोलावे लागते.

दुसरी मागणी जमिनीवरची आहे, आणि ती अधिक अवघड आहे. पुराचे पाणी अमुक पातळीला कोणत्या गल्लीत शिरेल हे आधी सांगायचे तर जमिनीच्या उंच-सखलपणाचा नेमका नकाशा हवा. २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ च्या चित्रांवरून इस्रोने देशभराचा असा नकाशा बनवला, आणि डोंगर-दऱ्या, पाणलोट, रस्त्यांची आखणी यांसाठी तो उत्तम आहे. परंतु त्यातली उंचीची अचूकता सुमारे ८ मीटरची धरलेली आहे. आठ मीटर म्हणजे सव्वीस फूट. आयर्विनला धोका पातळी आणि २०१९ ची पातळी यांत अंतर साडेबारा फुटांच्या आसपास. ज्या शहराचे दैव एकेका फुटावर ठरते त्याला सव्वीस फुटांची चूक पोटात घेणारा नकाशा कितपत उपयोगी पडणार? यावर उपाय आकाशात फार उंच जाण्याचा नाही. विमानातून किंवा ड्रोनमधून लेसरने मोजणी करण्याचा आहे. उपग्रहाच्या चित्राला या मोजणीची जोड मिळाली, आणि कोयना-वारणेच्या विसर्गाचे व पाऊस मोजणाऱ्या केंद्रांचे आकडे तासातासाला त्यात ओतले गेले, तरच "उद्या दुपारी मारुती चौकात गुडघाभर पाणी" असे सांगता येईल. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद दरवर्षी दोन्ही राज्यांत पेटतो आणि दोन्हीकडचे पुढारी आपापले आकडे घेऊन उभे राहतात. नदीच्या सगळ्या लांबीची अशी मोजणी दोन्ही राज्यांनी मान्य केली तर त्या वादातला निम्मा धुरळा खाली बसेल. उरलेला निम्मा बसणार नाही, कारण तो पाण्याचा नाहीच.

शेतीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तासगाव तालुक्यात माझ्या मावसभावाची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर फुलोऱ्याच्या दिवसांत दादांचा अर्धा जीव फोनमध्ये असतो. हवामान विभागाच्या संकेतस्थळावरचे इन्सॅटचे ढगांचे चित्र ते पहाटे उठून पाहतात, दोन-तीन चित्रे मागेपुढे करून ढग कोणत्या दिशेने सरकतो आहे याचा अंदाज घेतात, आणि त्यावरून दावण्या या रोगावरची फवारणी आज घ्यायची की उद्या हे ठरवतात. औषध मारल्यानंतर चार तासांत पाऊस आला तर पैसे मातीत गेले. औषध न मारता पाऊस आला तर घड गेले. इतका चाणाक्ष वापरकर्ता इस्रोला दिल्लीत शोधून सापडणार नाही. पण त्यांची तक्रार रास्त आहे. इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेला इन्सॅट-३डीएस यांच्या अवरक्त चित्रातला एक ठिपका चार किलोमीटरचा असतो, आणि त्यांची बाग दोन एकरांची. "ढग तालुक्यावर आहे हे मला आभाळाकडे बघूनही कळतं, तो माझ्या बागेवर सुटणार का ते सांगा," असे ते म्हणतात.

या प्रश्नाचे उत्तर एकटा उपग्रह देऊ शकत नाही. त्याला जवळचे डॉप्लर रडार आणि गावाजवळची स्वयंचलित हवामान केंद्रे लागतात. महाराष्ट्रात महसूल मंडळनिहाय अशी केंद्रे उभी राहिली आहेत ही चांगली गोष्ट आहे, परंतु एका मंडळात पाच-दहा गावे येतात आणि अवकाळी पाऊस गावाची शीव पाहून पडत नाही. फळपीक विम्याचा दावा मात्र त्या केंद्राच्या आकड्यावर ठरतो. एका हंगामात दादांच्या शिवारात पाऊस होऊन मण्यांना तडे गेले आणि मंडळाच्या केंद्रावर तो नोंदलाच गेला नाही, तेव्हा विमा कंपनीने हात वर केले. मग पंचनामा, अर्ज, पुन्हा अर्ज. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हासाठी, आणि २०२४ पासून सोयाबीनसाठी, उत्पादनाचा अंदाज काढताना उपग्रहाच्या माहितीला किमान तीस टक्के वजन देण्यास सुरुवात झाली आहे. द्राक्षासारख्या मांडवावरच्या पिकाला हे इतक्या सहज लागू होणार नाही, पण दिशा योग्य आहे. केंद्रातल्या यंत्राचा आकडा आणि वरून दिसणारे चित्र यांची गाठ घातली तर शेतकऱ्याला आपल्या बाजूने दाखवायला काहीतरी पुरावा मिळेल.

येथे एका गोष्टीची नोंद करावीशी वाटते. इन्सॅट-३डीएस या उपग्रहाचा खर्च अवकाश विभागाने नव्हे, तर पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने उचलला. ही पद्धत मला फार पसंत आहे. ज्या खात्याला उपग्रह हवा त्याने पैसे मोजले की ते खाते उपग्रह वेळेत गेला का, त्याची माहिती उपयोगी पडते का, याची विचारपूस करते. जलसंपदा, महसूल आणि कृषी या खात्यांनीही असेच आपापल्या पदराला खार लावून घेतला पाहिजे.

आतापर्यंत जे लिहिले त्यावरून मी केवळ उपयोगाच्या उपग्रहांचा कैवारी आहे असे कोणाला वाटेल. तसे नाही. ज्याला कोणीच गिऱ्हाईक नाही असे विज्ञान सरकारनेच करायचे असते, कारण दुसरे कोणी ते करणारच नाही. चांद्रयान-१ ला ३८६ कोटी रुपये लागले आणि त्यावरच्या अमेरिकन उपकरणाने चंद्राच्या मातीत पाण्याच्या रेणूंच्या खुणा दाखवल्या; चंद्राविषयीची जगाची समजूत त्याने बदलली. कोणत्या कंपनीने हे पैसे घातले असते? चांद्रयान-३ सुमारे ६१५ कोटींत झाले, मंगळयान ४५० कोटींत. सूर्याकडे पाहणारे आदित्य-एल१ असो वा क्ष-किरणांचे आकाश न्याहाळणारा २०१५ चा अॅस्ट्रोसॅट, या मोहिमांचा खर्च एखाद्या मोठ्या उड्डाणपुलाच्या पासंगाला जाईल. त्यात कपात करून वाचणार काहीच नाही आणि हरवणार मात्र पुष्कळ.

सातारा-सांगलीकरांना अशा विज्ञानाची ओळख नवीन नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर त्या भागातली जमीन अजून अधूनमधून हलते, आणि तिचा अभ्यास करण्यासाठी कऱ्हाडजवळ हजारमाची येथे केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. तिच्या प्रकल्पात गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल विवर खोदले गेले. त्या विवरातून पाणी निघाले नाही, खनिज निघाले नाही. निघाले ते खडकाचे नमुने आणि तापमानाचे व दाबाचे आकडे. पाटण खोऱ्यातल्या लोकांनी त्यावर आक्षेप घेतल्याचे माझ्या ऐकण्यात नाही, कारण घराची भिंत रात्री थरथरते तेव्हा खाली काय चालले आहे हे कोणीतरी पाहत असावे, असे त्यांना वाटते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा इस्रो आणि नासाचा संयुक्त उपग्रह याच कामाला वरून हातभार लावू शकतो. तो जवळजवळ सगळी जमीन बारा दिवसांत दोनदा टिपतो आणि पृष्ठभाग सेंटिमीटरभर जरी हलला तरी ओळखू शकतो. मातीतला ओलावाही त्याला कळतो. इस्रोचा त्यातला वाटा सुमारे ७८८ कोटींचा आणि अमेरिकेचा अब्जाहून अधिक डॉलरचा. माहिती मात्र सर्वांना खुली. असा भागीदारीचा सौदा पुन्हा मिळाला तर डोळे झाकून करावा.

माझी खरी अडचण माणसाला अवकाशात नेणाऱ्या गगनयानशी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या कार्यक्रमाचा विस्तार करून त्याची एकूण रक्कम २०,१९३ कोटी रुपयांवर नेली. ही अवकाश विभागाच्या दीड वर्षाच्या सगळ्या तरतुदीएवढी रक्कम आहे, किंवा असे म्हणा, बत्तीस चांद्रयान-३ एवढी. त्याच बैठकीत चांद्रयान-४ साठी २,१०४ कोटी आणि शुक्राच्या मोहिमेसाठी १,२३६ कोटी मंजूर झाले. त्या दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही. माणूस पाठवायचा म्हटला की प्रत्येक गोष्टीचा खर्च अनेक पटींनी वाढतो, कारण यंत्राला श्वास लागत नाही आणि त्याला परतही आणावे लागत नाही. अमेरिकेत हा मार्ग कुठे जातो ते दिसतेच आहे. तिथल्या नासाच्या महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये चंद्रावर माणूस नेण्याच्या आर्टेमिस कार्यक्रमातल्या सुरुवातीच्या प्रत्येक उड्डाणाचा खर्च सुमारे ४.१ अब्ज डॉलर सांगितला होता. आपल्या रुपयांत ते एकच उड्डाण इस्रोच्या दोन वर्षांच्या तरतुदीहून महाग पडते.

गगनयानच्या बाजूचे युक्तिवाद मला ठाऊक आहेत आणि ते पोकळ नाहीत. प्राणवायू आणि तापमान सांभाळणारी यंत्रणा, अग्निबाण बिघडला तर माणसांना दूर फेकून वाचवणारी प्रणाली, समुद्रातून कुपी उचलण्याचा सराव, हे सारे देशातच शिकले जाते आहे. जून-जुलै २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर होते तेव्हा शाळकरी मुलांत जो उत्साह दिसला, तो रडार उपग्रह पाठवून निर्माण होत नाही, हेही कबूल. अर्धे बांधून झालेले घर पाडण्यात शहाणपण नाही, म्हणून गगनयान पूर्ण व्हावे असेच मला वाटते. पण २०३५ पर्यंत स्वतःचे अवकाश स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस ही उद्दिष्टे जाहीर करताना त्यांचा एकूण खर्च आणि तो कोणत्या कामांच्या वाट्यातून येणार, हे संसदेपुढे मांडले गेले पाहिजे. उत्साह हा खर्चाचा एक हेतू असू शकतो, परंतु मग त्याची पावतीही त्याच नावाने फाडावी. हवामान आणि शेतीच्या नावाने मागितलेला पैसा तिकडे वळू नये.

आणखी एक बाब आहे, जिची चर्चा फार थोडे लोक करतात. अवकाश विभागाला मिळालेला सगळा पैसा दरवर्षी खर्च होतोच असे नाही. २०२२-२३ मध्ये तरतूद १३,७०० कोटींची होती. सुधारित अंदाजात ती सुमारे १०,५३० कोटींवर आली. म्हणजे घागर नुसती भरून उपयोग नाही, उपसण्याची ताकदही हवी. २०२४ या वर्षात भारताची पाच उड्डाणे झाली आणि चीनची अडुसष्ट. हा फरक केवळ पैशाचा नाही. किती अग्निबाण एका वेळी जुळवता येतात, किती चाचणीघरे आहेत, किती कारखाने त्या दर्जाचे सुटे भाग देऊ शकतात, याचा आहे.

कारखान्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची अवाढव्य आवरणे इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनत आली आहेत, आणि आपल्या भागातल्या ओतकामाची व यंत्रकामाची परंपरा किर्लोस्करवाडीपासूनची आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथ आणि मिलिंगची कामे करणाऱ्या एका परिचितांनी मला त्यांच्याकडे आलेला अशा प्रकारचा एक लहानसा जॉब दाखवला होता. हाताच्या तळव्यावर मावणारा तो तुकडा आणि त्याच्यासोबत बोटभर जाडीची फाइल. ज्या गजातून तो कापला त्याचा हीट नंबर, त्या गजाचे प्रमाणपत्र, प्रत्येक मापाची नोंद, तपासणाऱ्याची सही. "तुकड्यापेक्षा कागद जड," असे ते हसत म्हणाले, पण त्या एका कामामुळे त्यांच्या पोरांना मोजमापाची जी शिस्त लागली ती मोटारीचे भाग बनवून दहा वर्षांत लागली नव्हती, असेही त्यांनी सांगितले. अडचण अशी की ऑर्डर दहा-वीस नगांची येते आणि पुढची कधी येईल याचा नेम नसतो. त्या भरवशावर कोणी नवे यंत्र घेत नाही. सरकारने पाच-पाच वर्षांच्या खरेदीची हमी दिली, म्हणजे अमुक जातीचे इतके अग्निबाण आणि इतके निरीक्षण उपग्रह आम्ही घेणारच असे सांगितले, तर हे कारखाने स्वतःचा पैसा घालतील. जुळे उपग्रह बांधण्याचा माझा आग्रह इथेही उपयोगी पडतो, कारण दोन सारखे बांधताना दुसरा नेहमीच स्वस्त पडतो. दूरसंचाराचे उपग्रह आणि छोटे अग्निबाण यांत आता खासगी कंपन्या उतरल्या आहेत, तेव्हा तिथून सरकारने हळूहळू हात काढून घ्यावा. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

राहिला प्रश्न वरून येणारी माहिती इथे वाचणार कोण, हा. निसारची चित्रे खुली आहेत, सेंटिनेलची आहेत, हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र पुराच्या दिवसांत नकाशे पाठवते. महाबळेश्वरला उष्णदेशीय हवामान संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे, आणि कृष्णा-कोयनेचा उगमही तिथलाच. ज्या डोंगरावरून पूर सुटतो तिथे शास्त्रज्ञ आहेत आणि ज्या गल्लीत तो शिरतो तिथे माणसे आहेत. मधल्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कचेरीत रडारचे चित्र उलगडून त्याचा "या वॉर्डातली माणसे रात्री आठच्या आत हलवा" असा आदेश करू शकणारा माणूस पूर्ण वेळ नेमलेला नसेल, तर वरचे सगळे खर्च अर्धवट राहतात. पूरप्रवण जिल्ह्यांत अशी दोन-तीन पदे आणि नदीकाठची लेसर मोजणी यांना लागणारी रक्कम गगनयानच्या हिशेबात शोधूनही सापडणार नाही इतकी किरकोळ आहे. पण ती अवकाश विभागाच्या मागणीत बसत नाही, कारण ते जमिनीवरचे काम. आणि महसूल खात्याच्या मागणीतही बसत नाही, कारण ते उपग्रहाचे काम. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून मिरज, पलूस, वाळवा आणि शिराळा या चार तालुक्यांच्या नदीकाठची मोजणी करून घ्यायला मात्र कोणाच्याही परवानगीसाठी श्रीहरिकोट्याला जावे लागत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी एवढे झाले तरी निसारच्या चित्रांना सांगलीत पहिल्यांदा काही काम मिळेल.